‘सामान पुढे गेले होते’ : पाठीवरच्या ओझ्याविषयी काही कडू बोल

१

दरवर्षी मृगाच्या सुमारास आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या डोंगरभटक्या विद्यार्थ्यांमध्ये एक यादी हातोहात फिरू लागते. सॅकमध्ये काय घ्यावे, काय टाळावे, कोणती वस्तू तळाशी आणि कोणती वर ठेवावी याचा तीत तपशील असतो. शेवटी ठळक अक्षरांत एक आज्ञा असते, की सॅकचे वजन कमीत कमी ठेवावे. ही आज्ञा पाळण्याच्या युक्त्याही सोबत दिलेल्या असतात. टूथब्रशची दांडी अर्धी कापावी. साबण वडीने न नेता चिपटीने न्यावा. पुस्तक न्यायचेच असेल तर वाचून झालेली पाने फाडून टाकीत पुढे जावे. आम्ही साहित्याचे अध्यापन करणारी माणसे असल्याने या शेवटच्या सूचनेने आमच्या पोटात गोळा आला, हे कबूल केले पाहिजे. तथापि प्रस्तुत टिपणातील आमची तक्रार त्या फाटलेल्या पानांबद्दल नाही.

तक्रार अशी की, सॅकमधून उतरलेले वजन पुढे कोठे जाते, हा प्रश्न ही यादी कधीच विचारीत नाही. आणि ही यादी वाचून जो डोंगरावर जातो व परत येऊन त्याविषयी लिहितो, त्याच्या लेखनातही हा प्रश्न आढळत नाही. या दोन मौनांचा एकमेकांशी संबंध आहे, असे आमचे म्हणणे आहे. पाठीवरून उतरवलेले ओझे आम्ही वाक्यातूनही उतरवतो, आणि ते जो उचलतो तो मनुष्य आमच्या गद्यातून नाहीसा होतो. मराठीतील डोंगरलेखनाने आता तरी या हिशेबाला सामोरे जावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

२

प्रथम ओझ्याच्या शास्त्राला त्याचे श्रेय देऊ. कारण ते खोटे नाही. मुक्कामी ट्रेकला निघणाऱ्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ओझे ठेवावे आणि चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असा अनुभवींचा ठोकताळा आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो बरे, १५ किलो ही हद्द. जड वस्तू पाठीच्या कण्याला चिकटून, साधारण खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये याव्यात. पथारी तळाशी असावी. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर बसवून बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर उतरवावा. परत आल्यावर सतरंजीवर सगळी सॅक उपडी करून तीन ढीग करावेत : रोज लागलेल्या वस्तू, एकदाच लागलेल्या वस्तू, आणि अजिबात न लागलेल्या. औषधे, विजेरी आणि पावसाचे कपडे सोडून तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी ठेवावा. हे सारे आम्ही स्वतः करतो आणि विद्यार्थ्यांनाही शिकवतो.

पण काही वजने कमी होत नाहीत, हेही शास्त्रच सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. येथे कोणतीही युक्ती चालत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगरधार उन्हाळ्यात ज्यांनी चालली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पद्मावती माचीवरून निघताना तीन-चार लिटर पाणी पाठीवर घेण्यावाचून गत्यंतर नसते, कारण पुढे भरवशाचे पाणी नाही. त्या धारेवर दुपारी एकच्या सुमारास हलक्या सॅकवाल्या गड्याची बाटली रिकामी होते, आणि तो जड सॅकवाल्याच्या बाटलीकडे पाहू लागतो. सकाळी त्याने वाचवलेले दोन किलो दुसऱ्या कोणी तरी सकाळपासून वाहिलेले असतात. ज्याने ते वाहिले तो बहुधा काही बोलत नाही, कारण मित्राला पाणी देताना वजनाची गोष्ट काढणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही.

सुभाषितकारांनी धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत. सॅकमधून उतरलेल्या वजनाच्याही आम्हांस तीनच गती दिसतात. पहिली गती त्यागाची : वस्तू घेतलीच नाही, तिच्यावाचून भागवले. दुसरी गती खरेदीची : वस्तू तीच, पण टायटेनियमची, अर्ध्या वजनाची आणि कैक पटींनी महाग. तिसरी गती बदलीची : वस्तू तीच, वजन तेच, फक्त पाठ दुसऱ्याची. तराजूला या तिन्हींत काही फरक कळत नाही. आमच्या यादीलाही कळत नाही, आणि तिचा दोष नेमका हाच आहे.

पहिल्या गतीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजीबाईंनी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही सुमारे ३३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटीने पायी पुरी केली. खांद्यावर जाड कापडाची, स्वतः शिवलेली झोळी. पायांत साधे कॅनव्हासचे बूट. पांघरावयास एक लष्करी कांबळे. पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. अधूनमधून वाटेवरच्या अनोळखी घरांचा आसरा त्यांनी घेतला, आणि तो मागून घेतला. आमच्याकडचा मेंढपाळ धनगर एका घोंगडीत अंथरूण, पांघरूण आणि पावसाची खोळ हे तिन्ही भागवतो, ते याच जातीचे शहाणपण होय. गरज कमी करून आलेला हलकेपणा हा खरा हलकेपणा. दुसऱ्या गतीबद्दल आम्ही एवढेच म्हणू, की ज्याला परवडते त्याने ती खुशाल पत्करावी. पण पैसे मोजून आलेल्या हलकेपणाला साधेपणा म्हणू नये.

आमचा सारा वाद तिसऱ्या गतीशी आहे. त्यासाठी दुसऱ्या कुणाचे दाखले शोधण्याचे कारण नाही. पुरावा आमच्याच घरात आहे.

३

२००६ सालच्या मे महिन्यात आम्ही चौघे मित्र उत्तराखंडातील हर की दूनला गेलो होतो. तेव्हा आम्ही एम. ए.चे विद्यार्थी होतो. आज चौघेही मराठी शिकवतो. त्या प्रवासाची एक वही आम्ही सामाईक लिहीत असू. परवा एका विद्यार्थिनीने ‘हिमालयातील प्रवासवर्णने’ असा विषय प्रबंधासाठी निवडल्यावर ती वही माळ्यावरून काढली, आणि वाचता वाचता आमचे चेहरे उतरले.

वहीच्या पहिल्या पानावर सॅकच्या वजनांचा तक्ता आहे. आम्ही सोबत ताणकाटा नेला होता आणि त्याचा आम्हांला मोठा अभिमान होता. पुण्यातून निघताना प्रत्येकाची सॅक ११ किलोच्या आसपास भरली होती. सांक्री गावी आम्हांला कळले की सामान वाहण्यास माणूस मिळतो. त्याच संध्याकाळचा दुसरा तक्ता वहीत आहे : १४, साडेतेरा, साडेपंधरा. म्हणजे वाहणारा मिळणार असे कळताच आमच्या तीन सॅका फुगल्या. सांक्रीच्या बाजारातून लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे पुडे, जाडे लोकरी सदरे आले. लहान पिशव्यांत वेगळी बांधलेली जाड कादंबरी आणि जोडीचे बूट सॅकमध्ये गेले. पाठ आपली नसली की सॅक किती सहज वाढते, याचा एवढा नेमका पुरावा आम्ही स्वहस्ते लिहून ठेवला होता, आणि तो गमतीच्या सुरात लिहिला होता.

तीन सॅका मिळून ४३ किलो. एका माणसाने त्या दोरीने एकत्र बांधल्या, दोरीचा पट्टा कपाळावर घेतला आणि तालुका गावापासून सूपिन नदीच्या काठाने तो आमच्या पुढे निघून गेला. आमच्या पाठीवर तीन-तीन किलोच्या लहान पिशव्या उरल्या. चौथ्या मित्राने आपली सॅक स्वतःच वाहिली. वहीत त्याचा उल्लेख ‘हटवादी’ असा आहे. सामान वाहणारा मनुष्य हंगामापुरता नेपाळहून आलेला होता, एवढी नोंद सापडते. त्याचे नाव वहीत नाही. ज्या वहीत सॅकची वजने अर्ध्या किलोपर्यंत नोंदलेली आहेत, वाटेत फुललेल्या बुरांसाच्या फुलांची रंगछटा नोंदलेली आहे, ओसला गावातील लाकडी घरांच्या कोरीव चौकटींवर दीड पान लिहिलेले आहे, त्या वहीत त्याचे नाव नाही.

दुसऱ्या दिवसाची नोंद अशी : “दुपारी गारांसह पाऊस. आम्ही चिंब. मुक्कामी पोहोचलो तेव्हा सामान पुढे गेले होते. सुदैवाने पथाऱ्या कोरड्या राहिल्या. चहा आला. आज पाठ हलकी, मनही हलके.”

पथाऱ्या सुदैवाने कोरड्या राहिल्या नव्हत्या. त्या माणसाने स्वतःच्या अंगावर घ्यावयाचा प्लास्टिकचा कागद आमच्या तीन सॅकांवर गुंडाळला होता. तो भिजलेल्या स्वेटरनिशी चुलीशी बसला होता, हे आम्हां चौघांनाही आज लख्ख आठवते. म्हणजे ते आम्ही तेव्हाही पाहिले होते. पाहिले आणि त्याच्या जागी ‘सुदैवाने’ असे क्रियाविशेषण लिहिले. त्याने रात्री काय पांघरले, हे मात्र आम्हांला आठवत नाही, कारण ते आम्ही पाहिलेच नाही.

४

ही केवळ आमच्या कोडगेपणाची गोष्ट असती तर ती आमच्यापाशीच ठेवून आम्ही गप्प बसलो असतो. पण वही पुन्हा वाचताना शिक्षकाची सवय आडवी आली, आणि आम्ही ती वाक्ये फळ्यावर लिहून त्यांचे व्याकरण चालवले. ‘सामान पुढे गेले होते.’ येथे कर्ता कोण? सामान. ‘चहा आला.’ कर्ता चहा. ‘तंबू लागले.’ कर्ता तंबू. ‘भात शिजला.’ कर्ता भात. कर्तरी प्रयोगाची ही निर्दोष वाक्ये आहेत. आमच्या वहीतील हिमालयात सॅका स्वतःच्या पायांनी चढतात, तंबू आपले आपण उभे राहतात आणि चहा मनात येईल तेव्हा चालत येतो. माणसे म्हणून तेथे आम्ही चौघेच आहोत.

मराठीला याहून निराळे बोलता येत नाही अशातला भाग नाही. पोहोचणे आणि पोहोचवणे, चढणे आणि चढवणे, शिजणे आणि शिजवणे या जोड्या शाळेतील मुलालाही ठाऊक असतात. ‘सामान पोहोचले’ यात विचारण्यासारखे काही उरत नाही. ‘सामान पोहोचवले’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणी? एका ‘व’ने एक मनुष्य वाक्यात येतो. सॅकमधून आम्ही ११ किलो उतरवले आणि वाक्यातून हा ‘व’ उतरवला. दोन्ही कृत्ये एकाच सोयीसाठी घडली.

आमच्या वहीनंतर आम्ही गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेली विद्यार्थ्यांची प्रवासवर्णने, महाविद्यालयाच्या वार्षिकांकांतील ट्रेकचे लेख आणि आमचे स्वतःचे छापील लेख याच दृष्टीने चाळले. अपवाद आहेत; पण रीत हीच आहे. सह्याद्रीवरील लेखांत तिचे रूप थोडे वेगळे दिसते, इतकेच. तेथे पायथ्याच्या वाडीतील वाटाड्या असतो. तो ‘काटक’ असतो, ‘निरागस’ असतो, ‘अनवाणी’ असतो. त्याच्या पाठीवर चढाच्या मध्यावर कुणाची तरी सॅक गेली, ही गोष्ट मात्र लेखात येत नाही. विशेषणे त्याला भरपूर मिळतात. क्रियापदे आम्ही आमच्याकडे ठेवतो : आम्ही चढलो, आम्ही गाठले, आम्ही सर केले. साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाच्या विश्वसनीयतेवर तासन्‌तास बोलतो. तो निवेदक आपण स्वतः असतो तेव्हा ही परीक्षा आपण विसरतो, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

५

ही सवय जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. आपण संपाच्या बातमीत ‘जनतेला वेठीस धरले’ असे सहज लिहितो. पण वेठ म्हणजे मुळात सरकारी माणसाचे ओझे सक्तीने, बहुधा फुकट, वाहण्याची पाळी, हे आपण विसरलो आहोत. ज्या उत्तराखंडात आम्ही पाठ हलकी करून हिंडलो, त्याच डोंगरांत ब्रिटिश अंमलात ‘कुली बेगार’ नावाची पद्धत होती. दौऱ्यावरील साहेबांचे, शिकाऱ्यांचे आणि प्रवाशांचे सामान गावकऱ्यांनी पाळीपाळीने वाहावे, असा दंडक होता. कोणाची पाळी केव्हा, हे दाखवणाऱ्या नोंदवह्या गावोगावच्या मुखियांकडे असत. जानेवारी १९२१ मध्ये, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वर येथे सरयू आणि गोमती यांच्या संगमावर हजारो लोक जमले आणि बद्रीदत्त पांडे आदींच्या नेतृत्वाखाली त्यांनी त्या नोंदवह्या नदीत फेकून दिल्या. पुढे ही पद्धत मोडली.

त्या वह्यांत नाव असणे ही गुलामी होती, म्हणून लोकांनी त्या बुडवल्या. आमच्या वहीत नाव नसणे हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे काय? आम्ही दाम मोजला होता, सक्ती केली नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही कमी लेखीत नाही. पण साहेबाच्या दौऱ्याच्या वृत्तान्तात आणि आमच्या वृत्तान्तात एक साम्य उरते. दोन्हींत सामान आपोआप चालते.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे सामान डोंगरापर्यंत नेण्यास साडेतीनशेहून अधिक हमाल लागले होते. शिखरावर पोहोचलेली दोन नावे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्या दोघांपैकी तेन्झिंग नोर्गे यांची जीवनकथा १९५५ साली प्रसिद्ध झाली, तीही त्यांनी सांगितली आणि जेम्स रॅम्झी उल्मन यांनी लिहिली, कारण तेन्झिंग यांना लिहिता येत नव्हते. डोंगरावर ओझे वाहणे आणि डोंगराविषयी लिहिणे ही कामे बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांकडे राहिली. ज्याच्या हातात लेखणी होती त्याची पाठ हलकी होती, हा योगायोग मानण्यास आम्ही तयार नाही.

६

येथे काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप रोजगाराचा : तुम्ही सामान दिले नाहीत तर त्या माणसाची चूल कशी पेटेल? आमचे उत्तर असे की, सामान देऊ नका असे आम्ही म्हटलेलेच नाही. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याचे वय झाले आहे, ज्याला उंचीवर दम लागतो, त्याने निःसंकोच सामान द्यावे. ज्याला नुसते द्यावेसे वाटते त्यानेही द्यावे. पाठीवर घेणे म्हणजे पौरुष आणि देणे म्हणजे नामुष्की, असे मानणाऱ्या जड सॅकवाल्या मर्दुमकीशी आमचे काही देणेघेणे नाही. आमची मागणी इतकीच की दिलेले ओझे मोजलेले, मर्यादेतले आणि सांगितलेले असावे. रोजगार देणाऱ्याला मजुराचे नाव ठाऊक असू नये, असा काही अर्थशास्त्राचा नियम नाही.

दुसरा आक्षेप सवयीचा : ‘त्यांना सवय असते.’ या वाक्याला अलीकडे शास्त्राचाही टेकू मिळतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००५ साली आलेल्या एका अभ्यासात नामचे बाजारकडे माल वाहून नेणाऱ्या नेपाळी हमालांची ओझी मोजली होती. पुरुषांचे सरासरी ओझे स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले, स्त्रियांचे ६६ टक्के. आणि पाठीवर सॅक घेणाऱ्या युरोपीयांपेक्षा ही माणसे तेवढ्याच ओझ्यासाठी कमी शक्ती खर्च करतात, असेही आढळले. ते बाजारचा माल वाहणारे होते, पर्यटकांचे सामान वाहणारे नव्हेत, हे लक्षात ठेवू. पण त्या आकड्यांतून काय शिकावे? आम्हांस त्यात एक कमावलेले कौशल्य दिसते : पावलांची लय, वारंवार घेतलेला विसावा, कपाळावरचा पट्टा. कौशल्य मोठे असेल तर त्याचा मान आणि मोल वाढावे, असा सरळ निष्कर्ष निघतो. आमच्याकडे मात्र नेमका उलटा निष्कर्ष निघतो, की सवय आहे तर आणखी तीन किलो चढवा. गवयाला सवय आहे म्हणून त्याला रात्रभर फुकट गाऊ द्या, असे आपण म्हणत नाही.

शिवाय मर्यादा घालता येते, हे जगाने दाखवले आहे. पेरू देशात इंका ट्रेलच्या हमालांसाठी २००१ साली कायदा झाला आणि पुरुष हमालाचे ओझे २० किलोंवर बांधले गेले. किलिमांजारोवरही हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किलोच आहे, आणि तेथे ओझी तराजूवर चढवली जातात. त्या मापाने आमच्या ४३ किलोंना दोन माणसे पुरली नसती, तीन लागली असती. फार लांब जाण्याचेही कारण नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत शाळकरी मुलांच्या दप्तराचे ओझे हा विषय मांडला. १९९३ साली यशपाल समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ मागितले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे असा निर्णय काढला. त्या निर्णयाची अंमलबजावणी किती झाली, हे पालक जाणतात. तरीही पाठ मोजता येते, ओझे तिच्या प्रमाणात असावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. एका कादंबरीकाराने ती संसदेत मांडली, याचा साहित्याच्या माणसांनी थोडा अभिमानही बाळगावा. मग हीच कल्पना डोंगराच्या पायथ्याशी गेल्यावर का विसरावी?

तिसरा आक्षेप आमच्या क्षेत्रातला, आणि म्हणून आम्हांस अधिक बोचणारा : ललित लेखन म्हणजे हमालांची हजेरी-वही नव्हे, प्रत्येक वाक्यात कर्ता आणि मजुरी घालू लागलो तर डोंगराचे सौंदर्य उरेल कोठे? आम्ही विचारतो, ते आज कोठे आहे? ‘चहा आला’ या वाक्यात सौंदर्य आहे की केवळ सोय आहे? गारांच्या पावसात स्वतःचा कागद दुसऱ्याच्या पथारीवर घालणारा मनुष्य हा त्या दिवसाचा सर्वांत लिहिण्याजोगा अनुभव होता. आम्ही तो गमावला आणि त्याच्या जागी बुरांसाच्या रंगछटेवर तीन उपमा लिहिल्या, ज्या आज आम्हांलाच वाचवत नाहीत. नैतिकतेचे सोडा, लेखक म्हणूनही तो आमचा पराभव होता. ज्याने दृश्यातील सर्वांत जड वस्तू वगळली, त्याला दृश्य दिसले असे कसे म्हणावे?

७

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून काही सूचना करतो. हातोहात फिरणाऱ्या त्या यादीत ‘वजन कमीत कमी ठेवावे’ या आज्ञेखाली आणखी चार ओळी असाव्यात.

सॅक भरताना ती आपणच वाहणार आहोत असे धरून भरावी, आणि पुढे ती दुसऱ्याला द्यावयाची ठरली तरी तीत एका वस्तूचीही भर घालू नये. पाणी, पावसाचे कपडे आणि औषधे यांत काटकसर करू नये, कारण ती काटकसर शेवटी सोबत्याच्या पाठीवर पडते. सामान वाहणाऱ्याचे एकूण ओझे, त्याच्या स्वतःच्या कपड्यांसकट, आपल्या डोळ्यांसमोर काट्यावर घालावे. ते जास्त भरले तर दुसरा माणूस घ्यावा किंवा वस्तू मागे ठेवावी. आणि त्याच्यापाशी पाऊस-थंडीचे काय साधन आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे, मुक्कामी पोहोचल्यावर नव्हे.

लेखनासाठी आमची सूचना एकच आहे, आणि ती शिक्षकांना उद्देशून आहे. विद्यार्थ्याने प्रवासवर्णन लिहून आणले की त्यातील ‘आले’, ‘लागले’, ‘पोहोचले’, ‘शिजले’ या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि समासात ‘कोणी?’ एवढाच शब्द लिहावा. काही ठिकाणी उत्तर निरर्थक असेल. पहाट कोणी आणली असे विचारण्याचा आमचा आग्रह नाही. पण जेथे उत्तर एखादा मनुष्य असेल, तेथे वाक्य बदलावे लागेल. त्याने लेख थोडा जड होईल. होऊ द्यावा.

आम्ही हा प्रयोग प्रथम स्वतःवर केला. प्रबंध लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीला वही देण्यापूर्वी, दुसऱ्या दिवसाच्या नोंदीखाली आम्ही आजची तारीख घालून चार वाक्ये लिहिली. जुनी नोंद खोडली नाही, कारण तोही पुरावा आहे. ती वाक्ये अशी :

“तीन सॅका एका माणसाने पोहोचवल्या. ओझे ४३ किलो होते. पथाऱ्या त्याने स्वतःचा कागद घालून कोरड्या ठेवल्या. त्याचे नाव आम्ही विचारले नाही.”